चालीला काउंटर मेलडी कशी लावायची: बत्तीस मात्रांचं एक उदाहरण घेऊन

चाल तयार आहे, कॉर्ड्स (एकत्र वाजवायचे तीन-चार स्वर) बसलेत, ठेका चालू आहे, पण ऐकताना काहीतरी सपाट वाटतंय, अशी वेळ अरेंजमेंट करणाऱ्या प्रत्येकावर येते आणि मग कोणीतरी म्हणतं की इथे एक काउंटर टाक ना, म्हणजे मूळ चालीच्या जोडीने वाजणारी दुसरी, स्वतंत्र धून. टाक म्हणणं सोपं असतं. माझी पहिली काउंटर मेलडी चेलोवर होती, मी दोन रात्री जागून लिहिलेली, एकटी ऐकली तर खरंच छान होती, आणि रिहर्सलला गायिका दुसऱ्याच ओळीला थांबली आणि म्हणाली, "मी गातेय तेव्हा माझ्यावर कोणीतरी बोलतंय गं." बस, तेवढंच. घरी येऊन मी तिची ओळ आणि माझी ओळ एकाखाली एक लिहिली तर दिसलं की ती जिथे जिथे पटापट शब्द टाकत होती तिथेच माझा चेलो पण पळत होता, आणि ती जिथे लांब स्वर धरून उभी होती तिथे माझा चेलो पण शांत. म्हणजे बरोबर उलटं झालेलं.

तेव्हापासून मी काउंटर लिहायला घेतली की पहिल्यांदा स्वर बघतच नाही, जागा बघते. मूळ चाल कुठे पळते, कुठे थांबते, कुठे श्वास घेते. कागदावर मात्रा आखून घ्या, चालीचा प्रत्येक लांब स्वर आणि प्रत्येक गॅप पेन्सिलने गोल करा, ते गोल म्हणजे तुमची जमीन, बाकी सगळी दुसऱ्याची. चाल हलतेय तेव्हा तुम्ही धरून बसायचं, ती थांबली की तुम्ही हलायचं. इतकं जरी पाळलं तरी अर्धं काम होतं.

आधी एक गोंधळ मिटवू, कारण तो फार वेळा होतो. चालीच्या खाली तिसऱ्या स्वरावर तीच चाल परत वाजवली, म्हणजे वर ग म प ध आणि खाली सा रे ग म, तर ती हार्मनी झाली, काउंटर नाही. वाईट काही नाही त्यात, कोरसला मस्त लागते, पण दोन माणसं हात धरून चालल्यासारखं आहे ते, एक वळला की दुसरा पण वळतो. काउंटरमध्ये दोन माणसं बोलत असतात. दुसऱ्याचं स्वतःचं म्हणणं असतं, फक्त ते पहिल्याचं वाक्य तोडत नाही. ओळखायची ट्रिक सोपी आहे, तुमची ओळ एकटी गुणगुणून बघा, ती एक धून वाटली पाहिजे, साधी का असेना. नुसती "कुठल्यातरी गाण्याची खालची पट्टी" वाटली तर परत लिहा.

आता अंतरं. यावर लोक फार थिअरी झाडतात पण कामापुरतं एवढं पुरतं. दोन ओळी एकत्र वाजताना थर्ड (सा-ग किंवा ग-प एवढं अंतर) आणि सिक्स्थ (सा-ध किंवा ग ते वरचा सा) ही दोन अंतरं सगळ्यात कामाची, गोड लागतात आणि तरी दोन्ही आवाज वेगळे ऐकू येतात. फिफ्थ म्हणजे सा-प, आणि ऑक्टेव्ह, ही फार स्थिर अंतरं आहेत, ३:२ आणि २:१ अशी कंपनसंख्यांची साधी गुणोत्तरं असल्यामुळे दोन स्वरांच्या वरच्या हार्मोनिक्स (मूळ स्वरासोबत आपोआप उमटणारे बारीक वरचे स्वर) एकमेकांवर बसतात आणि कानाला दोनऐवजी एकच मोठा स्वर असल्यासारखं वाटायला लागतं. सुरुवातीला, शेवटाला, मध्येच एखादं ठीक. पण ओळीने दोन-तीन फिफ्थ किंवा ऑक्टेव्ह एकाच दिशेने सरकले की तुमची काउंटर गायबच होते, चालीत विरघळते. "पॅरलल फिफ्थ नको" हा नियम क्लासमध्ये घोकून घेतात त्याच्यामागे एवढंच कारण आहे. रॉकमध्ये गिटारवर मुद्दाम पॅरलल फिफ्थच वाजवतात, कारण तिथे एकच जाड आवाज हवा असतो, आपल्याला इथे दोन हवेत. आणि फोर्थ, सा-म, दोनच ओळी असताना जराशी अधांतरी लागते, जाता जाता आली तर काही नाही, तिच्यावर मुक्काम नको. सेकंड (सा-रे) आणि सेव्हन्थ (सा-नि) बोचतात. बोचणं हवं असतं कधी कधी, त्यावर येतेच.

दिशा हा दुसरा मुद्दा. चाल वर चढतेय तेव्हा तुम्ही खाली या, किंवा जागेवर उभे रहा. ती खाली येतेय तेव्हा तुम्ही वर. प्रत्येक वेळी नाही, प्रत्येक वेळी केलं तर यांत्रिक वाटतं, अधूनमधून दोन-तीन स्वर बरोबर चालले तर छानच. पण सगळ्यात उंच स्वर दोघांचा एकाच जागी नको. चालीचा कळस तिचा तिला मिळू दे, तुमचा त्याच्या आधी किंवा नंतर.

प्रत्यक्ष करून बघू. मी एक अगदी साधी चाल घेतेय, आत्ताच बनवलेली, आठ मात्रांच्या चार ओळी, सगळे शुद्ध स्वर. रेघ म्हणजे आधीचा स्वर धरून ठेवायचा. ज्या स्वराखाली टिंब आहे तो मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातला.

ग – ग म | प – – –
ध – ध प | ग – – –
ग – म ग | रे – – –
रे – ग रे | सा – – –

कॉर्ड्स अशा: पहिली ओळ पूर्ण सा-ग-प. दुसरी ओळ अर्धी म-ध-सा, अर्धी सा-ग-प. तिसरी अर्धी सा-ग-प, अर्धी प-नि-रे. चौथी अर्धी प-नि-रे आणि शेवटी घरी, सा-ग-प.

गोल करायला घेतलं की लगेच दिसतं, प्रत्येक ओळीत पहिल्या चार मात्रांत चाल बोलते आणि पाचव्या मात्रेपासून थांबते. म्हणजे प्रत्येक ओळीचा दुसरा अर्धा भाग आपला. आता कोणालाही वाटेल की पाचव्या मात्रेलाच सुरू करू, पण तिथे चालीचा स्वर नुकताच येऊन टेकलेला असतो, त्याला टेकू दे की. मी सहाव्या मात्रेला हलते. तो एका मात्रेचा उशीर ही छोटी गोष्ट आहे पण सगळी मजा त्यात आहे, वाक्य ऐकून घेऊन मग उत्तर दिल्यासारखं वाटतं.

मी चालीच्या खाली लिहिलं, कारण वरती जागा असली तरी गाणाऱ्याच्या डोक्यावर बसायचं नव्हतं. हे झालं:

सा – – – | – ग – रे
सा – – – | – नि़ ध़ प़
प़ – ध़ सा | – नि़ – ध़
प़ – – नि़ | सा – – –

एकेक ओळ घेऊ. पहिल्या ओळीत चाल ग वरून प कडे चढते तेव्हा खाली सा नुसता उभा आहे. चौथ्या मात्रेला वर म, खाली सा, म्हणजे फोर्थ, पण म तिथे ग आणि प च्या मधला वाटसरू आहे, कोणाला कळतही नाही. मग चाल प वर थांबली की काउंटर ग ला जाते, वरच्या प शी थर्ड, आणि तिथून रे, सा अशी उतरते. चाल ग म प चढली होती, काउंटर ग रे सा उतरली. तीन स्वर, उलटी दिशा. हे मुद्दाम केलंय, चालीतलाच तुकडा उलटा करून वापरला की काउंटर बाहेरून आणून चिकटवल्यासारखी वाटत नाही, घरातलीच वाटते. आणि काउंटरचा सगळ्यात उंच स्वर हाच ग आहे, पहिल्याच ओळीत, चालीचा ध यायच्या आधीच आपला कळस उरकून टाकलाय.

दुसऱ्या ओळीत चाल ध वर जाते, काउंटर उतरून सा वर बसलेली, सिक्स्थ, मोठं मोकळं अंतर, चालीला वर हवीहवीशी जागा मिळते. मग वर ग लांबतो आणि खाली नि़ ध़ प़ अशी पायऱ्या उतरते. नि़ ला फोर्थ आहे पण ती एकच मात्रा, चालता चालता. ध़ ला फिफ्थ, प़ ला सिक्स्थ. इथे माझ्या पहिल्या ड्राफ्टमध्ये नि़ वर दोन मात्रा होत्या आणि कशी कोण जाणे ती ओळ कायम अडखळल्यासारखी वाटायची, नंतर लक्षात आलं की फोर्थवर मुक्काम झाला होता.

तिसरी ओळ माझी आवडती. सुरुवातीला प़ आणि ध़, वर ग आणि म, दोन्ही सिक्स्थ, म्हणजे इथे काउंटर थोडा वेळ चालीच्या बरोबरीने चालते, तेवढी सवलत चालते. मग चौथ्या मात्रेला ती सा ला उडी मारते, वरती ग, गोड थर्ड. आणि आता बघा, पाचव्या मात्रेला चाल रे वर येते आणि कॉर्ड पण बदलते, प-नि-रे, पण काउंटर ऐकत नाही, सा धरूनच बसते. सा आणि रे शेजारी शेजारी, बोचतं. एक मात्रा बोचू द्यायचं. सहाव्या मात्रेला सा खाली नि़ वर उतरतो आणि अंगावरून काहीतरी उतरल्यासारखं होतं. याला सस्पेन्शन म्हणतात आणि काउंटर लिहिणाऱ्याच्या पेटीतलं हे सगळ्यात धारदार हत्यार आहे. याच्या तीन पायऱ्या पाळाव्या लागतात, धरलेला स्वर आधीच्या मात्रेला गोड असायला हवा, मग कॉर्ड बदलल्यावर तोच स्वर बोचायला हवा, आणि मग तो एक पायरी खाली उतरायला हवा. यातली पहिली पायरी गाळली, म्हणजे सा थेट येऊन रे ला भिडला, तर ऐकणाऱ्याला चूक वाटते, वादकाचं बोट घसरलं असं. पियानोवर दोन्ही प्रकार वाजवून बघा, फरक लगेच कळेल.

चौथ्या ओळीत प़ लांब धरलाय, रे शी फिफ्थ, ग शी सिक्स्थ, मग आठ मात्रांच्या बरोबर मध्यावर, चौथ्या मात्रेला नि़, आणि चाल रे वरून सा ला उतरताना काउंटर नि़ वरून सा ला चढते. दोघं वेगवेगळ्या बाजूंनी येऊन एकाच सा वर भेटतात.

तुम्ही म्हणाल हे फारच साधं आहे, चार-चार मात्रा एकच स्वर. हो, आणि पहिल्या काही काउंटर अशाच लिहा. १७२५ मध्ये योहान योझेफ फुक्स या ऑस्ट्रियन संगीतकाराने काउंटरपॉइंट, म्हणजे स्वतंत्र ओळी एकमेकींसोबत लिहायची कला, शिकवायची जी पद्धत छापली ती आजही शिकवतात, तिच्यात पाच पायऱ्या आहेत, पहिली चालीच्या एका स्वराला एकच स्वर, मग एकाला दोन, मग एकाला चार, मग सस्पेन्शन आणि मग हे सगळं मिसळून. संगीतकार हायडन त्याच्यावरून स्वतः शिकला आणि पुढे बेथोवेनला पण त्याने त्याच वाटेने नेलं. पाचव्या पायरीवरून सुरुवात करायचा मोह सगळ्यांना होतो, मला पण झाला होता, चेलोची गोष्ट वर सांगितलीच.

लिहिताना वाद्यापासून लांब रहा असं मी सांगेन. कीबोर्डवर बसलं की बोटं आपल्या सवयीच्या जागी जातात आणि दर वेळी तेच चार फ्रेझ बाहेर पडतात. त्यापेक्षा चाल लूपवर लावा, फोनवर रेकॉर्डिंग चालू करा आणि नुसतं गुणगुणत रहा, दहा-पंधरा वेळा, लाज सोडून. पहिले चार-पाच टेक कचरा असतात, तुम्ही नकळत चालच गात असता. नंतर कंटाळा आला की मग काहीतरी वेगळं निघायला लागतं. त्यातले दोन तुकडे उचलायचे आणि मग कागदावर अंतरं तपासायची. उलट केलं, म्हणजे आधी अंतरं आणि मग धून, तर गणित बरोबर येतं आणि धून मेलेली असते.

वाद्य निवडताना एवढं बघा की ते कुठल्या सप्तकात बसणार. गायकाच्याच पट्टीत व्हायोलिन भरून वाजलं तर स्वर कितीही बरोबर असले तरी शब्द कळत नाहीत, आणि शब्द समजायला लागणारी व्यंजनं साधारण २ ते ४ किलोहर्ट्झच्या आसपास असतात, तिथे तारसप्तकातली कर्कश स्ट्रिंग्ज गर्दी करतात. खाली जाताना दुसरी भानगड, फार खर्जात थर्ड लावला की गढूळ होतं, घुमतं, तिथे अंतरं मोठी ठेवायची, फिफ्थ किंवा ऑक्टेव्ह. आणि बास वाजतोय का ते विसरू नका! मी खाली लिहिलेली काउंटर बास गिटारने नकळत तशीच वाजवलेली असते, सा ला सा, प ला प, मग ती काउंटर ऐकूच येत नाही आणि तुम्ही मिक्समध्ये फेडर (आवाज कमी-जास्त करायची पट्टी) वर ढकलत बसता. फेडरचा प्रश्न नसतो तो. स्वर बदला, किंवा ओळ वरच्या सप्तकात न्या.

रागात बांधलेली चाल असेल तर मात्र हे सगळं जपून. आपल्या रागसंगीतात मुळात कॉर्डचा विचार नाही, त्यामुळे थर्डच्या हट्टापायी वर्ज्य, म्हणजे त्या रागात न चालणारा, स्वर घुसला की रागाचा चेहरा जातो. भूप रागाचं उदाहरण घ्या, म आणि नि नाहीतच. उरलेल्या पाच स्वरांत एक सोडून एक अशा जोड्या लावल्या तर फक्त सा-ग हा थर्ड येतो, रे-प, ग-ध, प-सां, ध-रें या सगळ्या फोर्थ येतात. म्हणजे वर सांगितलेली रेसिपी इथे जशीच्या तशी चालणारच नाही. अशा वेळी मी अंतरांचा नाद सोडते आणि फक्त जागांचं तत्त्व पाळते, चाल थांबली की रागातलाच एखादा छोटा तुकडा, तोही त्या रागाच्या चलनाने, आणि बाकी वेळ षड्ज किंवा पंचम धरून. बासरीवर हे फार सुंदर लागतं.

झाल्यावर तपासायचं कसं? एक, कॉर्ड्स, ठेका, बास सगळं म्यूट करा आणि फक्त दोन ओळी सारख्याच आवाजात वाजवा, अर्ध्या लयीत. कॉर्ड्सच्या गादीखाली शंभर चुका लपतात, त्या इथे उघड्या पडतात. दोन, एखाद्या माणसाला, ज्याने चाल आधी ऐकलेली नाही अशाला, दोन्ही एकत्र ऐकवा आणि मग विचारा, गुणगुणून दाखव. त्याने मूळ चाल गुणगुणली तर पास. त्याने तुमची काउंटर गुणगुणली तर आनंद होईल पण तो आनंद घातक आहे, ओळ कापायची वेळ झाली. माझ्या त्या चेलोच्या ओळीतले मी निम्म्याहून जास्त स्वर उडवले आणि गंमत म्हणजे उडवल्यावरच लोक विचारायला लागले की तो चेलो कोण वाजवतंय.

गाण्यात कधी आणायची हे पण ठरवा. मुखडा पहिल्यांदा येतो तेव्हा नको, लोकांना आधी चाल नीट ओळखू दे. दुसऱ्यांदा किंवा तिसऱ्यांदा तोच मुखडा परत आला की आणा, तेव्हा कान चाल ओळखीची म्हणून सोडून देतात आणि नवीन आवाजाकडे वळतात. एका कडव्यात लावून पुढच्या कडव्यात काढून टाकणं पण चालतं, न वाजण्याची पण एक जागा असते.

आणि शेवटचा सा. वरच्या उदाहरणात चौथ्या ओळीला चाल चार मात्रा सा धरते, म्हणजे नियमाप्रमाणे ती जागा आपली, तिथे हलायला हवं. मी पण आधी तिथे सा नि़ ध़ नि़ असं एक वळण टाकलं होतं, दिसायला छान होतं. दोन दिवसांनी ऐकलं आणि काढून टाकलं. आता तिथे दोघी एकाच सा वर गप्प उभ्या आहेत.